कुजबुज कुणाची?

१९८४ साली जर्मनीत एक रेकॉर्ड आली आणि आली तशी गेली. गाणं मुळात 'अल्फाव्हिल' या बँडचं, त्याच वर्षी युरोपभर वाजलेलं 'बिग इन जपान'. त्याचं जर्मन रूप करून नाव ठेवलं 'यापान इस्ट वाइट', जपान दूर आहे. गाणारी बावीस वर्षांची सँड्रा. आता गंमत बघा. पाश्चात्त्य बँडवाल्यांमध्ये 'जपानात मोठा' हा एक नेहमीचा टोमणा आहे: इथे कुत्रं विचारत नाही, म्हणून तिकडच्या टाळ्यांच्या गोष्टी सांगतोय. पण ही मुलगी जपानात खरोखरच मोठी होती. 'आराबेस्क' नावाच्या तीन मुलींच्या डिस्को ग्रुपची ती मुख्य गायिका. जपानी पोरं या तिघींवर फिदा होती, रेकॉर्डवर रेकॉर्ड निघत होत्या, आणि मायदेशी जर्मनीत पहिल्या दहांत पोचलेलं त्यांचं गाणं एकुलतं एक, 'मॅरिगॉट बे'. म्हणजे ते गाणं गायचा नैतिक अधिकार जर कुणाला असेल तर तो हिलाच होता. आणि हिचंच पडलं.

मी सँड्राकडे आले ते उलट्या बाजूने. नव्वदच्या दशकात केबल टीव्ही घरोघर शिरला, तेव्हा त्यावर एक गाणं लागायचं. लॅटिन मंत्रपाठ, खाली संथ ठेका, आणि मधेच एक बाई फ्रेंचमध्ये कुजबुजायची. एनिग्माचं 'सॅडनेस'. घरात मोठी माणसं असली की आम्ही आवाज कमी करायचो. त्यात ऐकू नये असं काही होतं का, हे फ्रेंच येत नसल्याने कुणालाच ठाऊक नव्हतं, पण त्या श्वासांचा एकूण रागरंग बरा नव्हता. ती बाई कोण, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. आमच्या गल्लीत कुणाच्याच आला नसावा. एनिग्मा हीच ती बाई असावी असं आम्ही धरून चाललो होतो.

पुढे मी डबिंग आणि ऑडिओबुकच्या एडिटिंगमध्ये पडले. दिवसभर कानाला हेडफोन आणि पडद्यावर दुसऱ्यांचे आवाज, वेव्हफॉर्मच्या, म्हणजे वर-खाली होणाऱ्या रेघेच्या रूपात. या कामात माणसांची नावं नंतर कळतात, श्वास आधी ओळखीचे होतात. कोण वाक्याआधी नाकाने श्वास घेतं, कोण तोंडाने, कुणाची 'स' शिट्टी मारते, हे मला त्यांच्या चेहऱ्यांपेक्षा पक्कं माहीत असतं. अशात एकदा जुनी युरोपियन गाणी ऐकत बसले होते आणि ८५ सालच्या एका नाचाच्या गाण्यात एका ओळीच्या शेपटाला जो उसासा सुटला, तो ऐकून मी गाणं थांबवलं. ही बाई मला माहीत होती. हीच ती कुजबुजणारी.

झारब्रुकेन हे गाव फ्रान्सच्या सीमेला खेटून आहे. सँड्रा तिथे १८ मे १९६२ ला जन्मली, बाप फ्रेंच, आई जर्मन. म्हणजे ते कुजबुजलेलं फ्रेंच कुणी कागदावर उच्चार लिहून दिलेलं नव्हतं, घरातलं होतं. पोरगी धीट. १९७५ साली गावात नवोदितांची गाण्याची स्पर्धा होती, तिथे नाव दिलेलं नसताना ही मंचावर चढली आणि ऑलिव्हिया न्यूटन-जॉनचं गाणं गाऊन मोकळी झाली. त्या आगाऊपणावर पुढच्या वर्षी एक रेकॉर्ड मिळाली. ती चालली नाही. १९७९ मध्ये आराबेस्क, म्हणजे पुन्हा १७ वर्षांची पोरच. मिखाएला रोझ आणि यास्मिन फेटर दोन बाजूंना, मधे ही.

या ग्रुपच्या कार्यक्रमांत मागे कीबोर्डवर एक कुरळ्या केसांचा रुमानियन बसायचा. मिखाएल क्रेतू, जन्म बुखारेस्टचा, १८ मे १९५७. तारीख पुन्हा वाचा. दोघांचा वाढदिवस एकच, अंतर पाच वर्षांचं. लहानपणापासून पियानोची शास्त्रीय तालीम, नंतर फ्रांकफुर्टच्या संगीत अकादमीत शिक्षण, आणि मग पोटासाठी स्टुडिओतली कामं. त्यातलं महत्त्वाचं काम फ्रांक फारियनकडचं. फारियन म्हणजे बोनी एमचा कर्ताकरविता. बोनी एम आपल्याकडे लग्नाच्या वरातीपासून शाळेच्या गॅदरिंगपर्यंत सगळीकडे वाजून झालेला असल्याने जास्त ओळख द्यायला नको. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल: त्या ग्रुपमध्ये घुमून घुमून नाचणाऱ्या बॉबी फॅरेलच्या तोंडी जो घोगरा पुरुषी आवाज आहे, तो रेकॉर्डवर फारियनचा स्वतःचा आहे. नाचायला एक, गायला दुसरा.

आराबेस्क सुटल्यावर सँड्रा क्रेतूबरोबर म्युनिकला गेली. जपानवालं गाणं आपटलं ते इथे. मग १९८५ च्या उन्हाळ्यात आलं 'मारिया माग्दालेना', नाव बायबलमधल्या बाईचं.

हे गाणं घडवायला चार डोकी लागली होती. क्रेतू स्वतः. 'हुबर्ट का' या जर्मन बँडचा गायक हुबर्ट केमलर आणि त्याच बँडचा मार्कुस ल्योर. शब्दांना रिचर्ड पामर-जेम्स, हा इंग्रज. 'सुपरट्रॅम्प' या बँडच्या पहिल्या रेकॉर्डवरचा गिटारवाला आणि पुढे 'किंग क्रिम्सन' या बँडचा गीतकार. प्रोग्रेसिव्ह रॉकच्या भक्तांना ही माहिती दिली की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. युरोपातलं सिंथ-पॉप, म्हणजे सिंथेसायझरवरचं पॉप, असंच उभं राहिलं होतं: एका गल्लीतले संगीतकार दुसऱ्या गल्लीत जाऊन रात्रपाळी करायचे.

गाणं नीट ऐका. सुरुवातीला सिंथचा धावता पाया, त्यावर तिचा आवाज येतो तो खालच्या पट्टीत. त्या काळातल्या बहुतेक नाचऱ्या गाण्यांत बायका वरच्या सुरात सुरू करून आणखी वर जायच्या. ही खाली राहते, जरा पुढे झुकून बोलल्यासारखी. तुला माझं प्रेम हवंय, वर माझा आत्माही हवाय, असा एकंदर जबाब चाललाय. मग धृपदात ती ठणकावून सांगते, मी काही तुझी माग्दालेना व्हायची नाही, आणि तिथे एक पुरुषाचा आवाज मधे पडतो, तिच्या प्रत्येक नकाराला उत्तर देत. तो केमलर. रेकॉर्डच्या मुखपृष्ठावर नाव एकटीचं, पण धृपद निम्मं त्याचं. म्हणजे श्रेयाच्या हिशेबाचा घोळ पहिल्याच यशात घातलेला होता, आणि या वेळी फायदा तिचा होता.

जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, स्वीडन, नॉर्वे अशा बऱ्याच देशांत ते पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यामागोमाग 'इन द हीट ऑफ द नाइट' आलं, आणि ते घेऊन ती १९८६ साली टोकियोच्या संगीत महोत्सवात गेली, दुसरी आली. जपान तितकंसं दूर नव्हतं.

पुढची चार-पाच वर्षं भराभर सांगते, कारण यश सांगण्यात फारशी मजा नसते. 'मिरर्स', मग १९८७ ला 'एव्हरलास्टिंग लव्ह', हे १९६७ च्या एका अमेरिकन गाण्याचं नवं रूप. १९८८ च्या जानेवारीत दोघांनी लग्न केलं आणि ती स्पेनच्या इबिझा बेटावर राहायला गेली. त्याच वर्षीचा अल्बम 'इंटू अ सीक्रेट लँड'. तिचं एकच काहीतरी ऐकायचं असेल तर हा ऐका, असं मी बिनधास्त सांगेन. 'हेवन कॅन वेट' आणि 'अराउंड माय हार्ट' ही दोन गाणी अजून उभी आहेत. त्या काळातल्या किती सिंथ-पॉपबद्दल असं म्हणता येईल? बरंचसं आज खेळण्यातल्या मोटारीसारखं वाजतं. या अल्बममध्ये मात्र मोकळी जागा आहे. वाद्यं बाजूला सरकून बसली आहेत, दूरवर कुठेतरी समूहस्वर घुमतात, आणि तिचा आवाज कानाच्या आणखी जवळ आलाय. आज मागे वळून ऐकलं की कळतं, पुढच्या मोठ्या प्रकरणाची तालीम इथेच चालू होती. १९९० च्या 'पेंटिंग्ज इन यलो'मध्ये तर 'हिरोशिमा' आहे. पुन्हा जपान! मूळ 'विशफुल थिंकिंग' या इंग्लिश बँडचं, जर्मनीत सत्तरच्या दशकात गाजलेलं.

या सगळ्यात इंग्लंड-अमेरिका कुठे होती? नव्हतीच. युरोपच्या मुख्य भूमीवर, पूर्वेला थेट रशियापर्यंत ही बाई घराघरांत, पण इंग्लंडच्या पहिल्या चाळिसांत तिचं एकही गाणं पोचलं नाही. 'एव्हरलास्टिंग लव्ह' दारापर्यंत जाऊन परतलं. जर्मनीत बनलेलं, इंग्रजीत गायलेलं नाचाचं गाणं म्हटलं की तिकडच्या समीक्षकांचं नाक आपोआप मुरडायचं. क्रेतूला हे चांगलं ठाऊक होतं. रेकॉर्डवर आपलं नाव दिसलं की लोक ऐकायच्या आधीच शिक्का मारणार.

म्हणून त्याने नावच काढून टाकलं.

एनिग्मा हा त्याचाच नवा उद्योग. डिसेंबर १९९० मध्ये आलेल्या एनिग्माच्या पहिल्या अल्बमवर क्रेतूचं नाव नाही, 'कर्ली एम.सी.' आहे. त्याचा भागीदार फ्रांक पीटरसन 'एफ. ग्रेगोरियन' झाला. आणि सँड्रा? तिला टोपणनावाचीही गरज पडली नाही. अल्बमच्या आधी आलेल्या 'सॅडनेस'च्या व्हिडिओत एक लेखनिक टाकाने लिहिता लिहिता झोपी जातो, त्याला शिल्पकार रोदँच्या 'नरकाच्या दारा'चं स्वप्न पडतं, आणि त्या दारात एक बाई दिसते. ती बाई वेगळीच आहे. ओठ हलवायला दुसरी, कुजबुजायला ही.

इथे जरा थांबून त्या कुजबुजीबद्दल बोलू द्या, कारण हा माझा विषय आहे. माणूस कुजबुजतो तेव्हा स्वरतंतू कंप पावत नाहीत, नुसती हवा घासत जाते. त्यामुळे कुजबुजीला पट्टी नसते. गाताना सूर जुळवावा लागतो, बोलतानाही आवाजाला एक चढउतार असतो आणि तो मागच्या संगीताशी भांडू शकतो. कुजबूज कशाशीच भांडत नाही. आता दुसऱ्या बाजूला काय होतं? चर्चमधला ग्रेगोरियन मंत्रपाठ, स्वतःच्या जुन्या स्वरचौकटीत बांधलेला, आधीच रेकॉर्ड झालेला. त्याला वाकवता येत नाही. त्याच्या खांद्याला खांदा लावून एखादी गायिका उभी केली असती तर दोघांपैकी एकाला हटावं लागलं असतं. कुजबुजणारी बाई मात्र मंत्राच्या दोन ओळींमधल्या फटीत अलगद बसते. वर माइक तोंडाच्या अगदी जवळ घेतला की खालचे सूर फुगतात, आवाजाला ऊब येते. मग कॉम्प्रेसर, म्हणजे लहानमोठे आवाज एका पातळीवर आणणारं साधन, लावून श्वास वर खेचला की ऐकणाऱ्याला वाटतं, बाई आपल्या मानेशी उभी आहे. तंत्र म्हणून यात काही जादू नाही. आमच्याकडे भयकथेच्या ऑडिओबुकला आम्ही हेच करतो.

पण हेच दहा जणींकडून करून घ्या, दहा वेळा वेगळं निघेल. आमच्याकडे एक ज्येष्ठ डबिंग आर्टिस्ट आहेत, आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणतो. एकदा एका प्रसंगात मी त्यांचे श्वास कापत होते. नवी होते, स्वच्छ फाइल म्हणजे चांगली फाइल असं वाटायचं. मावशी मागून म्हणाल्या, "अगं, तो श्वास राहू दे. शब्द काय, कुणीही म्हणेल." तेव्हा हसले होते. 'सॅडनेस'मध्ये ती सादला, म्हणजे त्या बदनाम फ्रेंच लेखकाला, मार्क्वी द सादला, प्रश्न विचारते: सांग मला, तुझा धर्म कोणता, तुझे भक्त कुठे आहेत. विचारताना सूर चौकशीचा नाही, मोहाचाही पूर्ण नाही. थोडी शंका आहे, थोडा लळा आहे. प्रत्येक प्रश्नाआधी जो श्वास येतो तो काढून बघा. मी सॉफ्टवेअरवर काढून पाहिला. उरतं ते फ्रेंच शिकवणीच्या कॅसेटसारखं.

जानेवारी १९९१ मध्ये हे गाणं इंग्लंडात पहिलं आलं. अमेरिकेत पाचव्या क्रमांकापर्यंत चढलं. ज्या देशांनी सँड्राला तिच्या नावासकट दारात उभं केलं नव्हतं, त्यांनी तिचा श्वास पैसे मोजून घरात नेला. मला ही गोष्ट एकाच वेळी विनोदी आणि संतापजनक वाटते. क्रेतूचा अंदाज शंभर टक्के बरोबर ठरला, हेच त्यातलं वाईट.

आणि वेळ कोणती साधली होती बघा. १९९० च्या नोव्हेंबरात, 'सॅडनेस' नुकतंच बाजारात आलं असताना, फ्रांक फारियनचा तो प्रसिद्ध घोटाळा फुटला. मिली व्हॅनिली. दोन देखणे तरुण, ग्रॅमी मिळालेले, आणि रेकॉर्डवरचा एकही आवाज त्यांचा नाही. फारियनने स्वतःच कबुली दिली, ग्रॅमी परत घेतली गेली, जगभर छीथू झाली. बोनी एमला खपलेली गोष्ट इथे खपली नाही. गुरूने चेहरा दाखवून आवाज लपवला आणि पकडला गेला. त्याच आठवड्यांत, त्याच्याच हाताखालून गेलेल्या माणसाने आवाज दाखवून चेहरा लपवला, आणि लोकांनी त्याला कलावंत म्हटलं. दोन्हीकडे कुणाचं तरी नाव पुसलं गेलं होतंच. पण चेहऱ्याची फसवणूक ग्राहकाला बोचते, आवाजाची बोचत नाही.

आपल्याकडे याच्या अगदी उलट घडलं होतं, तेही चाळीस वर्षं आधी. १९४९ च्या 'महल'मधल्या त्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचं नाव 'कामिनी' छापलं होतं, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं. श्रोत्यांनी रेडिओला विचारून विचारून लता मंगेशकर हे नाव बाहेर काढलं. पडद्यावर मधुबाला असतानाही लोकांना गळा कुणाचा ते हवं होतं. ती सवय आपल्या कानांना इतकी जडली की आज आपण पार्श्वगायिकेचं नाव आधी सांगतो आणि नटी नंतर आठवतो. तरी तीच आपली पिढी केबलवर एनिग्मा ऐकत होती तेव्हा कुणी पत्र लिहून विचारलं नाही, ही कोण म्हणून. फ्रेंच म्हटल्यावर आपली चौकस बुद्धी संपली असेल.

एनिग्माच्या बाबतीत नाव विचारायला आले ते वेगळेच लोक. मंत्रपाठ घेतला होता १९७६ च्या एका रेकॉर्डमधून. गाणारा वृंद 'कापेला आंतिक्वा म्युनिक', संचालक कोन्राड रूलांड. म्हणजे हे लोक म्युनिकचे, जिथे सँड्रा आणि क्रेतूने उमेदीची वर्षं काढली. विचारायला ट्रामने जाता आलं असतं. मंत्र शेकडो वर्षं जुने, त्यांच्यावर कुणाचा हक्क नाही. पण त्या दिवशी त्या माइकसमोर जे गळे उघडले त्यांचा होता. प्रकरण कोर्टात गेलं, भरपाई देऊन मिटवावं लागलं.

पुढच्या अल्बममध्ये तर कहरच. १९९३ च्या 'रिटर्न टू इनोसन्स'मध्ये जो वृद्ध पुरुषी आलाप उसळून वर येतो, तो तैवानच्या आमी आदिवासींपैकी दीफांग यांचा. सोबतीला त्यांच्या पत्नी इगाय. एका सांस्कृतिक दौऱ्यात १९८८ साली फ्रान्समध्ये त्यांचं हे गाणं रेकॉर्ड झालं होतं, मेजवानीत म्हणायचं ज्येष्ठांचं गाणं. त्या दोघांना पत्ताच नाही, आणि इकडे गाणं जगभर. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या प्रचारातही ते वाजलं. शेवटी त्यांनी खटला भरला आणि १९९९ मध्ये तडजोड झाली. नाव लागलं, पैसे मिळाले. या गाण्याच्या सुरुवातीला इंग्रजीत दोन वाक्यं बोलणारी सँड्राच आहे. तिच्या मागे तो आलाप. एका गाण्यात हे दोन आवाज, मुखपृष्ठावर दोघांचंही नाव नाही, पण दोघांची गोष्ट एक नव्हे. ती घरातली होती, तिच्या संमतीने गप्प होती. दीफांग यांना कुणी विचारलंही नव्हतं. हा फरक पुसून दोघांनाही 'शोषित' म्हणणं मला पटत नाही.

मग तिचं म्हणणं काय होतं? मुलाखतींचे तुकडे जोडून मी तिच्या मनात काय चाललं होतं हे रंगवू शकते, पण तो उद्योग नको. मला जे ऐकू येतं त्यावर बोलते. नेहमीचं मत असं की सँड्रा ही प्रोड्यूसरने घडवलेली गायिका: गाणी त्याची, स्टुडिओ त्याचा, दिशा त्याची. यातलं बरंच खरं आहे. तिच्या गाजलेल्या गाण्यांवर गीतकार किंवा संगीतकार म्हणून तिचं नाव सापडत नाही. पण हे मत मांडणाऱ्यांनी क्रेतूच्या स्वतःच्या रेकॉर्ड ऐकाव्यात. त्या आहेत, चांगल्या चार-पाच आहेत. गाणारा तोच. १९८३ चा 'लेगिओनेरे', मग १९८५ चा जर्मन अल्बम आणि त्याचं इंग्रजी रूप. त्या इंग्रजी अल्बमचं नाव काय, तर 'द इन्व्हिजिबल मॅन'. अदृश्य माणूस! पाच वर्षांनी स्वतः अदृश्य होणार होता तो. चाली तशाच कसदार, सिंथ तेच, कारागिरी तीच. आणि तरीही त्या रेकॉर्ड हुशार माणसाच्या वहीसारख्या वाटतात. त्याच वर्षी तोच माणूस तेच सामान घेऊन 'मारिया माग्दालेना' करतो आणि अर्धा युरोप नाचायला लागतो. मधे बदललं काय? केमलरची चाल म्हणा, पामर-जेम्सचे शब्द म्हणा. पण सर्वांत ठळक बदल माइकसमोर उभा होता.

तिचा गळा मोठा नाही. तान नाही, पल्ला बेताचा. गाण्याच्या रिअॅलिटी शोमध्ये आज ती उभी राहिली तर परीक्षक 'अजून ओपन कर' म्हणतील. पण तिच्या आवाजाला एक दाणा आहे, कडेला किंचित खरखरीत, आणि ती कधीही भावना लादत नाही. यंत्राच्या काटेकोर ठेक्यावर असा थोडा अलिप्त, थोडा दमलेला आवाज ठेवला की यंत्र माणसाळतं. क्रेतूने हे ओळखलं, हे त्याचं मोठेपण. फक्त ओळखणं आणि घडवणं यांत फरक करायला हवा.

१९९५ मध्ये जुळी मुलं झाली, त्याच वर्षी 'फेडिंग शेड्स' आला, आणि मग ती बरीच वर्षं घरात राहिली. घर म्हणजे इबिझा. २००२ ला 'द व्हील ऑफ टाइम', चांगला पण सावध अल्बम. इकडे लग्न विरत गेलं. २००७ मध्ये घटस्फोट झाला, आणि त्याच साली 'द आर्ट ऑफ लव्ह' आला, क्रेतूशिवायचा तिचा पहिला अल्बम. प्रोड्यूसर येन्स गाड, जो एनिग्मात गिटार वाजवायचा. हा अल्बम मला आवडतो. तिचा आवाज इथे बेचाळीस-पंचेचाळीसचा आहे आणि तो तसा ऐकू येऊ दिलाय. पुढचे दोन, 'बॅक टू लाइफ' आणि 'स्टे इन टच', मला फारसे भावले नाहीत. तिथे तिला पुन्हा पंचविशीत ढकलायची घाई दिसते.

क्रेतूने इबिझाच्या डोंगरावर मोठा थोरला महाल आणि स्टुडिओ बांधला होता. बांधकाम बेकायदा ठरलं आणि २००९ मध्ये कोर्टाच्या हुकमाने पाडलं गेलं. ही बातमी वाचताना मला आपल्याकडच्या कुठल्याही महानगरपालिकेची आठवण झाली नाही, कारण आपल्याकडे पाडत नाहीत. दुसरा भागीदार पीटरसन केव्हाच फुटून निघाला होता. त्याने 'ग्रेगोरियन' नावाचा स्वतःचा मंत्रपाठी बँड काढला आणि इंग्लिश गायिका सारा ब्राइटमनचा प्रोड्यूसर म्हणून नाव कमावलं. पुन्हा तीच जोडी: एक गायिका, एक कळा फिरवणारा. फक्त ब्राइटमनचं नाव प्रत्येक मुखपृष्ठावर हातभर मोठ्या अक्षरांत असतं.

सँड्रा पुढे ऐंशीच्या दशकाच्या आठवणींच्या जलशांत गात आली. पोलंड, रशिया, बाल्टिक देश. जिथे एकेकाळी तिच्या कॅसेट हातोहात फिरल्या तिथली मोठाली स्टेडियमं. प्रेक्षक तिच्याच वयाचे, काहींबरोबर त्यांची पोरं. यूट्यूबवर हे कार्यक्रम आहेत. ती 'मारिया माग्दालेना' सुरू करते, आणि धृपदातल्या केमलरच्या ओळी लोक म्हणतात, शब्दांची मोडतोड करत, पण ठेक्यात.

आणि २०१६ साली क्रेतूने एनिग्माचा आठवा अल्बम काढला, त्यात 'सॅडनेस'चा दुसरा भाग आहे. पंचवीस-सव्वीस वर्षांनी पुन्हा तोच साद. या वेळी गायिका अंगून, जन्माने इंडोनेशियन, राहणार फ्रान्स, उत्तम तयारीचा भारदस्त गळा. नाव गाण्याबरोबर ठळक छापलेलं, व्यवहार एकदम सरळ. मी दोन्ही भाग एकाच टाइमलाइनवर लावून ऐकले. अंगून सुरात गाते, पल्लेदार गाते, कुठे एक तंतू ढळत नाही. दोन वेळा ऐकलं. तिसऱ्यांदा पहिला भागच लावला, आणि आमच्या ऑफिसमधल्या एका नव्या मुलाला हेडफोन देऊन म्हटलं, ऐक, श्वास कसा ठेवायचा ते. त्याने ऐकलं आणि विचारलं, "भारी आहे. कोण आहे ही?" मग त्याला बसवून हे सगळं सांगितलं. त्या दिवशी द्यायचा एपिसोड दुसऱ्या दिवशी गेला.